लॅपटॉपची बॅटरी घरी बदलताय? मग चिकटवताना या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे गरज नसताना चिकटवणं. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये बॅटरी चार-सहा स्क्रूवर बसते, २०१७ पर्यंतच्या जुन्या मॅकबुक एअरमध्ये पण स्क्रूच आहेत, तरी लोकं वरनं डिंकाचे दोन थेंब टाकतात, का तर "हलायला नको". स्क्रू हाय ना, मग कशाला राव? चिकटवायचा प्रश्न येतो तो २०१२ पासूनच्या रेटिना मॅकबुक प्रोसारख्यांना, जिथं कंपनीनंच बॅटरीचे सेल बॉडीला चिकटवलेत.

आता आमच्या साताऱ्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच, फेविक्विक. नको! आतली बॅटरी म्हणजे मऊ पाकीट असतं, चार्ज होताना थोडी फुगते, उतरताना बसते, वय झालं की गॅस धरून जास्तच फुगते. फेविक्विक काचेसारखं कडक होतं, त्यामुळं दोन-तीन वर्षांनी काढायला जाल तेव्हा डिंक सुटायच्या आधी पाकीट फाटतं, आणि लिथियमचं पाकीट फाटलं म्हणजे धूर, आग काहीही होऊ शकतं. शिवाय त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. अॅरल्डाइट, एमसीलचं पण तेच, कायमचं चिकटतं. ग्लू गनचं तर नावच काढू नका, तिचा डिंक दीडशे डिग्रीच्या आसपास तापलेला असतो आणि या सेलला साठ डिग्रीच्या वरचं झेपत नाही. बॅटरी चिकटवताना ती परत निघणार कशी हे आधी बघायचं, किती घट्ट बसते ते नंतर.

मोबाईलवाले बी-७००० वापरतात, तो डिंक वाईट नाही, रबरासारखा लवचिक राहतो. पण बॅटरीचं पाकीट आणि अॅल्युमिनियमची बॉडी, दोन्हीकडनं हवा जात नाही, मग मधला डिंक दिवसेंदिवस ओलाच राहतो आणि जास्त झाला की दाबल्यावर कीबोर्डकडं पळतो. त्यापेक्षा पातळ डबल साइड टेप घ्या, ०.२ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, मोबाईल रिपेअरच्या सामानात मिळते. दोन-तीन पट्ट्या बास, अख्खं पाकीट माखायची गरज नाही. ओढून काढायची पांढरी टेप मिळाली तर सगळ्यात भारी, फक्त तिची शेपटी बाहेर हाताला लागेल अशी ठेवा आणि काढताना आडवी, हळूहळू ओढा, वर खेचली की तुटते.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. घाईत राजवाड्याजवळच्या स्टेशनरीतनं फोटोफ्रेमची फोमवाली टेप आणली, चांगली मिलिमीटरभर जाड. लॅपटॉपचं खालचं झाकण दाबून दाबून बसवलं, टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डुलायला लागला! मला वाटलं नवी बॅटरीच फुगली, विकणाऱ्याला मनातल्या मनात दोन-चार शिव्या घातल्या, परत उघडला तर दोष टेपचाच. त्यामुळं झाकण जोर न लावता बसत नसेल तर स्क्रू पिळू नका, आधी जाडी बघा. बऱ्याच नव्या बॅटऱ्यांना खालनं कागद लावलेली टेप आधीच असते, लोकं ती न बघता वरनं दुसरी लावतात, तिथंही हाच घोळ.

तो कागद काढायच्या आधी बॅटरी नुसती ठेवून बघा, कनेक्टर, म्हणजे बॅटरी बोर्डाला जोडायची पिन, पोचतो का, लॅपटॉप चालू होतो का, चार्ज घेतो का. मग बंद करून, कनेक्टर काढून चिकटवा. एकदा टेप लागली की विकणारा परत घेत नाही, आणि वाकडी बसली म्हणून ओढून सरळ करणं म्हणजे परत पाकिटाशी खेळ.

जुना डिंक न पुसता वर नवी टेप लावली तर ती सुटणारच. पुसायला ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो. थिनर प्लास्टिक खातं. जुनी बॅटरी काढताना चार्ज पंचवीस टक्क्यांखाली आणा, कनेक्टर सगळ्यात आधी काढा, आणि स्क्रूड्रायव्हरनं उचकटण्याऐवजी जुनं एटीएम कार्ड नाहीतर दातांचा दोरा वापरा. बॅटरी फुगलेली असेल तर डिंक मऊ करायला ड्रायरची गरम हवापण नको, सरळ दुकानात न्या.

हवामानाचं कुणी सांगत नाही. डिसेंबरात सकाळी सातला गार पडलेल्या पत्र्यावर टेप धरत नाही, दुपारी करा. जुलैत आपल्याकडं दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तेव्हा पुसल्यावर जरा जास्त वेळ थांबा. टेपला पूर्ण पकड यायला साधारण तीन दिवस जातात, म्हणून लगेच बॅगेत घालून एसटीनं पुण्याला निघू नका, वाटेतल्या धक्क्यांनी सगळं सरकेल.

झाल्यावर चार्जच दाखवत नसेल तर कनेक्टर परत दाबून बघा, बहुतेक वेळा तो अर्धवट बसलेला असतो. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर मात्र लॅपटॉप बंद करा आणि अंगणात मोकळ्यावर ठेवा. काढलेल्या बॅटरीच्या कनेक्टरला टेप मारून ती वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या, घंटागाडीत टाकू नका, तिथं कचरा दाबतात. आणि डबा घेताना आईला विचारून घ्या.