कॅमेलियन खूप आजारी पडला तर घरी काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

आमचा गण्या म्हणजे व्हेल्ड कॅमेलियन, रंग बदलणारा सरडा, तो डोक्यावर उंच तुरा असतो ना तो, मूळचा येमेन आणि सौदीच्या डोंगराळ भागातला, आणि आम्ही राहतो न्यू जर्सीत. पोराच्या हट्टापायी घरात आला आणि मग रीतीप्रमाणे आईच्या गळ्यात पडला. तीन वर्षं मजेत होता. मग एका जानेवारीत सकाळी लाईट लागले तरी साहेब पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून बसलेले, नाक वर छताकडे, आणि जवळ कान नेला तर श्वासाबरोबर टक् टक् असा बारीक आवाज. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आजारी कॅमेलियनची धाव पिंजऱ्याच्या तळापर्यंत, हे तेव्हा कळलं.

तर पहिली गोष्ट हीच, की हा प्राणी आजार लपवतो. जंगलात कमजोर दिसला की कुणीतरी खाणार, म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्याचं नाटक चालतं. म्हणजे तुम्हाला दिसतंय तोवर दुखणं बरंच जुनं झालेलं असतं. दिवसा डोळे मिटून बसणं ही सगळ्यात मोठी धोक्याची खूण, दिवसा कॅमेलियन झोपत नाही, झोपला तर समजा काहीतरी गंभीर आहे. बाकी म्हणजे डोळे आत गेलेले, फांदीवरची पकड सुटणं, जीभ अर्धीच बाहेर येणं किंवा नेम चुकणं, तोंड उघडं ठेवून श्वास (उन्हाच्या दिव्याखाली गरम होऊन तोंड उघडतो ते वेगळं, दिव्यापासून लांब असतानाही उघडं असेल तर वाईट), जबड्याच्या कडेला सूज, पाय धनुष्यासारखे वाकलेले. शी पण बघा. त्यातला पांढरा भाग म्हणजे युरेट, तो पांढराच हवा, केशरी झाला की पाणी कमी पडतंय.

घरी काळजी घ्यायची म्हणजे व्हेटकडे, प्राण्यांच्या डॉक्टरकडे, न जाता घ्यायची असं नाही हं. व्हेट आधी ठरवायचा, त्या तारखेपर्यंत आणि तिथून आल्यावर घरी काय ते मी सांगतेय. आणि व्हेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा पाहिजे. आम्ही आधी जवळच्याच एका क्लिनिकात गेलो, माणसं गोड होती पण कुत्र्यामांजरांचीच, त्यांनी गण्याला टेबलावर ठेवलं आणि आम्ही सगळेच त्याच्याकडे बघत बसलो. दोन दिवस गेले त्यात. एआरएव्ही म्हणून सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या व्हेट लोकांची संघटना आहे, त्यांच्या साईटवर शोधता येतं तुमच्या भागात कोण आहे ते. खरं तर प्राणी धडधाकट असतानाच हे शोधून फ्रीजवर नंबर लावून ठेवायचा. जाताना ताजी शी झिपलॉकमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवून न्या, जंतांची टेस्ट त्यातून होते. आणि पिंजऱ्याचे, दिव्यांचे, खाण्यावर भुरभुरायच्या कॅल्शियम-व्हिटॅमिन पावडरींच्या डब्यांचे फोटो न्या, कारण कॅमेलियनचे बहुतेक आजार पिंजऱ्यातल्या चुकांतून येतात. आमचं तेच निघालं, यूव्हीबी ट्यूब (उन्हातले न दिसणारे, हाडांना लागणारे किरण देणारी) दीड वर्ष जुनी, प्रकाश देत होती पण यूव्हीबी केव्हाच संपलेलं. डोळ्यांना कळत नाही ते. वर्षाच्या आत बदलायचीच, तारीख मार्करने ट्यूबवरच लिहा.

भारतातल्या मंडळींसाठी मधेच एक गोष्ट. आपल्याकडचा जो घोयरा सरडा, म्हणजे भारतातला कॅमेलियन, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, घरात पाळता येत नाही. जखमी सापडला तर खालचं वाचून स्वतः इलाज करत बसू नका, सावलीत, हवा जाईल अशा खोक्यात ठेवा आणि वनखात्याला कळवा, महाराष्ट्रात १९२६ ही हेल्पलाईन आहे.

आता घरची तयारी. मोठा पिंजरा आजारी प्राण्याला नको. चढायची ताकद नसते, वरून पडला तर हाड मोडतं. छोटा जाळीचा पिंजरा घ्या, किंवा आहे त्यातच फांद्या खाली आणा, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आडव्या, त्याच्या पंजाला धरता येतील इतक्याच जाड. खाली माती-बिती नको, जुना टॉवेल आणि वर पेपर टॉवेल, म्हणजे पडला तर लागत नाही आणि शी लगेच दिसते. एक मनीप्लांट ठेवा, लपायला लागतो त्याला. तीन बाजू चादरीने झाका. फांद्या खाली आणल्या की दिवेही खाली यायला पाहिजेत, हे लोक विसरतात, आम्हीही विसरलो होतो. टी-५ प्रकारची (बारीक नळीची), ६ टक्के यूव्हीबीवाली ट्यूब असेल तर पाठीपासून साधारण ८-९ इंच, त्याहून जवळ नको. काचेच्या खिडकीतलं ऊन कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते, वर पिंजरा तापतो तो तापतोच.

टेंपरेचर हा माझ्या मते निम्मा इलाज. ह्यांचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही, बाहेर गार तर आतली प्रतिकारशक्ती गार, पचन गार, औषधसुद्धा नीट लागू पडत नाही. एरवी रात्री गारवा चालतो, चांगलाच असतो, पण आजारपणात नको. आम्हाला सांगितलं होतं ते असं, दिव्याखाली ८५ फॅरनहाइट (२९-३० सेल्सिअस), बाकी पिंजरा ७५ ते ८०, रात्री ७० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. रात्री लाल-निळे बल्ब नकोत, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. दोन थर्मामीटर, एक वर एक खाली, आणि डिजिटल घ्या, ते चिकटवायचे गोल काटेवाले खोटं बोलतात. गरम दगड म्हणून मिळतात ते तर घरातही आणू नका, पोट भाजतं.

पाणी. जेवणाच्या आधी पाणी, हे भिंतीवर लिहून ठेवा. प्राणी सुकलेला असताना पोटात अन्न ढकललं तर ते पचत नाही, उलट जास्त बिघडतो. कॅमेलियन वाटीतलं पाणी पीत नाही, त्याला पानावरचा हलणारा थेंब दिसायला लागतो. महागडं काही नको, प्लॅस्टिकच्या ग्लासला तळाशी टाचणीने भोक पाडा, पिंजऱ्यावर ठेवा, सेकंदाला एखादा थेंब पानावर पडेल असं. कोमट पाणी. दिवसातून दोन-तीनदा अर्धा अर्धा तास. खाली भांडं ठेवा नाहीतर टॉवेल चिंब होतो आणि मग सर्दीत अजून सर्दी. थेंब पडतोय तरी बघतच नसेल तर सिरिंजने (सुईशिवाय!) ओठाच्या कडेला एकेक थेंब लावा आणि चाटायची वाट बघा. चाटलं तर पुढचा. तोंड उघडून पिचकारी मारायची नाही, ह्यांच्या श्वासनळीचं तोंड जिभेजवळच पुढे असतं, पाणी सरळ फुप्फुसात. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी हे प्रेमापोटी करायला घेतलं होतं, मी हातातून सिरिंज काढून घेतली.

बाथरूमची युक्ती पण ऐकली असेल, टबमध्ये मोठं झाड ठेवायचं, त्यावर कॅमेलियन, आणि कोमट शॉवर भिंतीवर मारायचा म्हणजे तुषार उडून झाडावर येतात. नुसता पाणी कमी झालेला, पण पकड चांगली असलेला प्राणी असेल तर मस्त चालतं, २०-३० मिनिटं, तुम्ही तिथेच बसून. छाती भरलेली असेल तर नको, गण्याला ह्या आजारपणात आम्ही केलं नाही. आणि पाण्याच्या टबात बसवणं तर कधीच नाही, तो काही कासव नाही.

खाण्याचं बघू. दोन-चार दिवस मोठा कॅमेलियन जेवला नाही म्हणून मरत नाही, त्यामुळे घाई करू नका. रोज सकाळी किचनच्या ग्रॅमवाल्या काट्यावर वजन घ्या (काटा त्याचाच वेगळा ठेवा बाई, पोळ्यांच्या कणकेचा नको), फांदीसकट ठेवायचं आणि फांदीचं वजन वजा करायचं म्हणजे हात लावावा लागत नाही. वजन उतरत चाललं तर व्हेटला फोन. मऊ अळ्या द्या, हॉर्नवर्म किंवा सिल्कवर्म, हॉर्नवर्ममध्ये पाणी भरपूर असतं, आणि हिरवा रंग बघून रुसलेलाही कधीकधी डोळा फिरवतो. क्रिकेट म्हणजे रातकिडे पिंजऱ्यात मोकळे सोडू नका. निरोगी कॅमेलियन त्यांना खातो, आजारी असेल तर रात्री तेच त्याला कुरतडतात. हे मी अंधश्रद्धा समजत होते, पायाला चावलेलं बघितलं तेव्हा पटलं.

भरवायचं की नाही हे व्हेट ठरवतो. आम्हाला कार्निव्होर केअरची पावडर (मांसाहारी आजारी प्राण्यांचं तयार खाणं) दिली होती, पाण्यात पातळ करून, वजनाप्रमाणे मोजून. भरवताना त्याला सरळ उभा धरायचा, उताणा नाही. तोंड बोटांनी फाकवायचं नाही, जबडा मऊ झालेला असेल तर तुटतो. समोर काही आलं की रागाने फिसकारून तोंड उघडतो, तेवढ्यात कडेने एक थेंब. गिळला की थांबा. आमचं दहा मिनिटांत होत नसेल तर सोडून देत होतो, कारण पकडून ठेवण्याचा ताण त्याला आजाराइतकाच वाईट.

तेच हाताळण्याचं. सगळ्यांना वाटतं मांडीवर घेऊन कुरवाळावं. नको. त्याच्या लेखी तुम्ही त्याला खायला आलेले आहात. पाय वाकलेले, हाडं मऊ झालेली असतील तर फांदीवरून ओढून काढू नका, पकड घट्ट असते आणि हाड काडीसारखं मोडतं, फांदीच उचला. दिवसातून औषध, पाणी, सफाई एवढ्यापुरतंच जवळ जा. आमच्याकडे पाहुण्यांना खोलीतच सोडत नव्हतो.

औषधं. गण्याला छातीचं इन्फेक्शन होतं, एक्सरेत दिसलं, आणि हाडांत कॅल्शियम कमी. अँटिबायोटिकची इंजेक्शनं दर तीन दिवसांनी, सिरिंजा भरून गोठवलेल्या मिळाल्या, एकेक काढून तळहातात धरून वितळवायची, मायक्रोवेव्ह नाही. पुढच्या हाताला द्यायला शिकवलं, कारण मागच्या पायातलं रक्त आधी किडनीकडून जातं. व्हेटकडे दोनदा स्वतःच्या हाताने करून दाखवा मगच घरी या, लाजू नका. तिसऱ्या इंजेक्शनाला बरा वाटायला लागला, तरी कोर्स पूर्ण केला. कॅल्शियमचं लिक्विड तोंडावाटे, मोजून. व्हिटॅमिन डी-३ मात्र मनाने वाढवू नका, जास्त झालं तर किडनी जाते. माझ्या आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हळद आणि मध सुचवलं, सासूबाईंनी विक्स. दोघींना प्रेमाने नाही म्हटलं. माणसांची कुठलीच गोळी, मलम, डोळ्यांचे ड्रॉप नकोत. तोंडात पिवळा चिकट थर दिसला तर तो खरवडू नका. जीभ बाहेर लोंबकळत राहिली तर ओली ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना.

मादी असेल तर अजून एक भानगड. नर नसला तरी अंडी होतात. पोट फुगलेलं, खाणं बंद, तळाशी अस्वस्थ फिरणं असं असेल तर ओलसर वाळू-मातीची खोल बादली ठेवा, निदान फूटभर खोल, आणि तिच्याकडे बघत उभे राहू नका, कुणी बघतंय म्हटल्यावर ती खणतच नाही. खणून खणून थकली, डोळे मिटले आणि अंडी आली नाहीत तर घरी काही करण्यासारखं नाही, पोट दाबायचं तर मुळीच नाही, सरळ इमर्जन्सी.

थंडीत नेताना छोट्या खोक्यात टॉवेल, एक आडवी काडी, अंधार, गाडी आधी तापवून. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या बाहेरून.

हात धुवा. साल्मोनेला असतो ह्यांच्या अंगावर, निरोगी दिसला तरी. त्याची भांडी किचन सिंकमध्ये नको, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला लांबच ठेवा.

आणि कधीकधी नाही वाचत. सगळं करूनही पकड येत नाही, डोळे उघडत नाहीत, वजन उतरतच जातं. तेव्हा व्हेटला सरळ विचारा की ह्याला त्रास किती होतोय. इंजेक्शनने शांतपणे जाऊ देणं हा पर्याय असतो. फ्रीझरमध्ये ठेवला की झोपेत जातो असं काही लोक सांगतात, ते ऐकू नका, तसं होत नाही, हाल होतात.

गण्या वाचला. सोळाव्या दिवशी दुपारी पोरगा किंचाळत खाली आला, म्हटलं गेला वाटतं, तर साहेबांनी हॉर्नवर्मवर जीभ मारली होती, नेम चुकला, पण मारली होती. दुसऱ्यांदा लागला. त्यानंतर आठवडाभर रोज दोनच अळ्या, मग चार, कितीही मागितलं तरी. फांद्या दर तीन-चार दिवसांनी थोड्या थोड्या वर नेल्या, आणि चादर एकेक बाजूने काढली. मोठ्या पिंजऱ्यात जायला मार्च उजाडला, आणि गेल्या गेल्या पहिल्यांदा माझ्यावरच फिसकारला.