बेसाल्टमधले स्फटिक मोजायला बसण्याआधी

पणजीला भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला असताना प्रकल्पासाठी मला मुठीएवढा काळा दगड मिळाला. हिंदी महासागराच्या तळावरच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरून जहाजाने खरवडून आणलेला कोवळा बेसाल्ट. तुमच्याही वाट्याला असा दगड आला तर आधी त्याची कड बघा.

माझ्या दगडाची कड काचच होती. 1100-1200 अंशांचा वितळलेल्या खडकाचा रस थंडगार पाण्याला भिडला की स्फटिक जमायला सवडच मिळत नाही. मायक्रोस्कोपखाली थोडं आत सरकलं की प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या बारीक सुया दिसतात, टोकं पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली. ती घाईत वाढल्याची खूण. आणखी आत, जिथे रस सावकाश निवला, तिथे स्फटिक मोठे आणि नीटस. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी जेवायला जायची विसरले.

बुडबुड्यांची गोष्ट दाबाची. रस वर येताना दाब उतरतो, विरघळलेला वायू सुटतो, बुडबुडा भोवतालचा वायू ओढत फुगतो आणि शेजाऱ्याला भिडला तर दोघांचा एक होतो. तीन हजार मीटर पाण्याखाली सुमारे 300 वातावरणांचा दाब असतो. तिथे पाणी बहुतेक रसातच राहतं, म्हणून बुडबुडे मोजके आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे.

माझ्या पहिल्या स्लाइडवर, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या दगडाच्या पातळ कापात, बुडबुड्यांची भोकं मात्र भलतीच मोठी दिसली. दगड कापणारे काका म्हणाले, "बाय, भोकं न भरता घासलंस, कडा तुटणारच." तेव्हा कापण्याआधी निर्वात पंपाखाली निळी एपॉक्सी (घट्ट होणारा डिंकासारखा पदार्थ) भरून घ्या. मग निळं तेवढंच खरं भोक.

दुसरी चूक जास्त महागात पडली. कॅशमन आणि मार्श या भूशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये हवाईच्या मकाओपुही लाव्हा-सरोवरातले स्फटिक आकारानुसार मोजले होते. संख्येचा लॉग घेतला की आलेख जवळपास सरळ रेषेत येतो आणि तिच्या उतारात वाढीचा वेग आणि वेळ यांचा गुणाकार लपलेला असतो. माझी रेषा बारीक आकारांकडे कोसळली. बारीक स्फटिक विरघळले असावेत, असं मी लिहूनही टाकलं. खरं तर कमी भिंगाखाली ते मला दिसलेच नव्हते. भिंग वाढवून पुन्हा मोजायला तीन आठवडे गेले, आणि रेषा सरळ झाली.