व्हीआरमध्ये मध्ययुग दाखवायचंय? आधी साल ठरवा

व्हीआरमधून, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात फिरवत, इतिहास शिकवायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न हेडसेट कुठला घेऊ, अरे पण दाखवणार काय ते तर ठरवा. मध्ययुग म्हणजे हजारेक वर्षं झाली, त्यातलं एकच साल आणि एकच जागा पकडा. इस्तंबूलची हागिया सोफिया (मूळची चर्च) बांधून झाली ५३७ साली आणि मिनार आले ते १४५३ नंतर, म्हणजे तुमचा सीन १२०० सालचा असेल तर आजच्या स्कॅनमधले मिनार उडवावे लागणार. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचंही तेच, २०१९ च्या आगीत कोसळलेला तो टोकदार मनोरा १९व्या शतकातला होता, उलट दारावरच्या मूर्ती मध्ययुगात चक्क रंगवलेल्या होत्या. त्यामुळे सगळं राखाडी दगडी केलं की झालं मध्ययुग, असं नसतं.

वास्तूचं थ्रीडी मॉडेल करायला भारी स्कॅनर नसला तरी चालतं, फोटोंवरून होतं. वास्तूभोवती फिरत फोटो काढायचे, दर फोटोत आधीच्या फोटोचा साधारण ६०-७० टक्के भाग परत यायला हवा. ढगाळ दिवस बेस्ट, कारण कडक उन्हातली सावली दगडाच्या रंगातच चिकटून बसते आणि मग सीनमध्ये तुम्ही संध्याकाळ केली तरी कमानीखाली दुपारच राहते. पुढे फोटोंचं मॉडेल करायला मेशरूम आणि ते नीट करायला ब्लेंडर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

पडलेलं छप्पर, गेलेली भिंत अंदाजानेच भरावी लागते, त्याला पर्याय नाही, पण अंदाज कुठला आणि पुरावा कुठला हे बघणाऱ्याला कळू द्या. एक बटण ठेवा, दाबलं की अंदाजाचा भाग फिक्या रंगात दिसला पाहिजे. वारसास्थळं कॉम्प्युटरवर कशी दाखवावीत यासाठी लंडन चार्टर नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांचाही आग्रह हाच. माझ्या मते हे बटणच खरा इतिहासाचा तास, बाकी सजावट.

चक्कर येऊ नये म्हणून माणसाला सरकवत नेऊ नका, एका जागेवरून दुसरीकडे टेलिपोर्ट करा, म्हणजे एका क्षणात थेट पोचवा, आणि पाच-सात मिनिटांत आटपा.

वर्गात हेडसेट घालायला देण्याआधी एकच प्रश्न द्या, उदाहरणार्थ किल्ल्यात पाणी येतं कुठून? नाहीतर पोरं नुसती वर बघत वॉव वॉव करत बसतात. हेडसेट काढल्यावर आठवेल तसा नकाशा काढायला लावा, कोणी काय बघितलं ते लगेच कळतं. हेडसेट कमी असतील तर एकाने आत बघून सांगायचं आणि दुसऱ्याने कागदावर काढायचं, हे तर उलट जास्त रंगतं.

पर्यटनासाठी मात्र सगळं घरबसल्या दाखवून टाकू नका. फोनवर फिरवून बघता येईल असा एखाद मिनिटाचा ३६० व्हिडिओ द्या, तोही दारापर्यंतचाच. आतला सीन प्रत्यक्ष जागेवर ठेवा आणि उभं राहायची जागा जमिनीवर खूण करून द्या, म्हणजे हेडसेट काढला की डोळ्यासमोर तीच भिंत, पण आजची, अर्धी पडलेली. मॉडेल आणि खरी भिंत एका रेषेत आली पाहिजे, हातभर जरी सरकली तरी मजा जाते. आणि हो, पुसायचे वाइप्स आणि जास्तीची पॉवर बँक जवळ असू द्या, रांग लागल्यावरच बॅटरी संपते.