श्रावणातली ओळख नवरात्रात चालत नाही: रानातली अळंबी ओळखताना या चुका टाळा

परतीचा पाऊस दोन दिवस बदाबदा कोसळून गेला की बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गवतात पांढऱ्या छत्र्या उगवतात. एकेक छत्री ताटलीएवढी, वर तपकिरी खवले, देठाला सुटं कडं. कधीकधी चक्क गोल रिंगण धरून उभ्या असतात. तीन वर्षांपूर्वी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, शेजारच्या काकू पातेलं घेऊनच दारात आल्या. "बघ की, केवढी अळंबी आलीया. निवडून दे बघू."

काकूंचं माहेर खानापूर तालुक्यातलं. लहानपणापासून अळंबी खाल्लेल्या बाईला मी काय शिकवणार? तरी म्हटलं, "काकू, एक रात्र ठेवू या, सकाळी बघू." त्या थोड्या रुसूनच गेल्या. त्या रात्रीचं पुढे सांगतो. आधी त्यांचं चुकलं कुठं ते सांगतो, कारण दसरा-दिवाळीच्या सुट्टीत जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे फिरायला जाणारे आपण बहुतेक जण तीच चूक करतो.

जागेची ओळख म्हणजे अळंबीची ओळख नव्हे

आपल्या घाटालगतच्या गावांत अळंबी ओळखणारी माणसं आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्याबरोबर रानात गेलात तर लक्षात येतं की त्यांची नजर आधी अळंबीवर नसते, वारुळावर असते. आषाढ-श्रावणात खाल्ली जाणारी आपली नावाजलेली अळंबी टर्मिटोमायसिस नावाच्या गटातली. वाळवी जमिनीखाली चघळलेल्या पाल्यापाचोळ्याचं स्पंजासारखं पोळं रचते आणि त्यावर ही बुरशी जोपासते. म्हणजे वाळवीची ती शेतीच. जमीन पुरती भिजली की त्या पोळ्यातून देठ वर येतो आणि छत्री उघडते. वसाहत जिवंत आहे तोवर अळंबी साधारण त्याच जागी येते. म्हणून आजी नातीला "तिथं बघ" म्हणून जागा दाखवते, आणि ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक चालतं.

पण हे ज्ञान जागा आणि महिना यांना बांधलेलं असतं. ते उचलून टिळकवाडीच्या प्लॉटवर, तेही आश्विनात, लावलं की फसगत. भाद्रपद सरता सरता वारुळावरच्या अळंबीचा मुख्य हंगाम ओसरतो आणि रानात, अंगणात, शेणखताच्या ढिगावर दुसऱ्याच मंडळींची गर्दी होते. कणकुंबीकडच्या एका आजींना मी विचारलं होतं, नवरात्रात कुठली अळंबी काढता? त्या हसल्या. "नवरात्रात? तवा आमी बघत बी न्हाई."

बाजारातल्या फसवणुकीची भीती सगळ्यांना वाटते. मला त्याहून जास्त भीती वाटते ती "मी लहानपणी खाल्लीय" या वाक्याची.

नावावर विसंबू नका

मराठीत "अळंबी" आणि "कुत्र्याची छत्री" असे दोनच कप्पे: खायची ती अळंबी, उरलेली सगळी कुत्र्याची. कन्नडमध्ये अळंबी म्हणजे अणबे, आणि छत्रीला तिथंही "नायिकोडे", म्हणजे कुत्र्याचीच छत्री! बेळगावात भाषेवरून किती का वाद होईनात, कुत्र्याच्या छत्रीवर दोन्हीकडचं एकमत आहे. पण या दुसऱ्या कप्प्यात शेकडो जाती कोंबलेल्या आहेत. काही निरुपद्रवी, काही उलट्या-जुलाब करणाऱ्या, थोड्या जीवघेण्या. "आमच्याकडे याला अळंबीच म्हणतात" यावरून जात ठरत नाही.

घरगुती चाचण्या

चांदीचं नाणं टाकून बघायचं, काळं पडलं तर विषारी. लसूण काळी पडते का बघायचं. भात टाकून त्याचा रंग बघायचा. गोगलगायीने कुरतडली असेल तर माणसालाही चालते. लाकडावर उगवली तर बिनधोक. चिंचेच्या पाण्यात उकळली की विष उतरतं. हे सगळं मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

यातली एकही चाचणी भरवशाची नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. जिवावर उठणाऱ्या विषाचा त्याच्याशी संबंध नाही. गोगलगायीला जे पचतं ते आपल्या यकृताला पचत नाही. गॅलेरिना गटातल्या काही जाती कुजक्या लाकडावरच उगवतात आणि त्यांत अमानिटा या भूछत्रांच्या कुळातल्या जीवघेण्या जातींसारखंच घातक विष असतं. आणि ते विष, अमाटॉक्सिन, उकळून, तळून, वाळवून कशानेही जात नाही. चवीवरूनही कळत नाही. विषबाधा झालेल्या लोकांनी भाजी चविष्ट होती असं सांगितल्याच्या नोंदी आहेत.

वरून खुडू नका

फिरायला गेलेला माणूस छत्री दिसली की देठाला धरून मोडतो, वरून एक फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो: "ही कुठली?" आता यावर कुणी काय सांगावं! ओळखीचा निम्मा पुरावा मातीत राहिलेला असतो.

अमानिटा कुळातल्या घातक जातींच्या तळाशी पांढरी पिशवी असते, अंड्याचं कवच फोडून पिल्लू बाहेर यावं तशी. देठ मोडला की ती जमिनीतच राहते. या कुळातल्या कित्येक छत्र्यांवर पांढरे ठिपके असतात, पण जोराच्या सरीने ते धुऊन जातात. म्हणून ठिपके नाहीत म्हणजे अमानिटा नाही, असं म्हणता येत नाही. उलट वारुळावरच्या अळंबीच्या तळाशी पिशवी नसते. तिथं देठ मुळासारखा निमुळता होत खोल पोळ्यापर्यंत गेलेला असतो आणि छत्रीच्या मध्यावर बहुधा टोकदार उंचवटा असतो. तेवढ्यावरही थांबू नका, कारण पुरलेल्या बुडख्याशी उगवणाऱ्या काही भूछत्रांनाही लांब मूळ असतं.

तेव्हा चाकूने किंवा खुरपीने बाजूची माती हलकेच मोकळी करून अख्खं नग काढा. वारुळात हात मात्र घालू नका, आत कोण राहतंय याचा नेम नाही. मग खालचे पापुद्रे बघा: रंग कुठला, देठाला चिकटलेत की सुटे. उभा काप घ्या. वास घ्या. भोवती कुठली झाडं आहेत, खाली शेण आहे, लाकूड आहे की गवत, तेही टिपा. फोटो काढायचाच तर वरून, खालून, तळाचा आणि कापलेला, असे चार काढा. मोबाइलमधलं ॲप नाव सुचवेल, तेही ठसक्यात. त्या नावावर भाजी टाकू नका.

पांढऱ्या गोट्यांसारखी भूछत्रं सापडली की हमखास गोंधळ होतो. उभी कापून बघा. आत खालपासून वरपर्यंत एकसारखा पांढरा गर असेल तर ती बहुधा कोवळी पफबॉल. आत जांभळट काळपट दिसलं तर विषारी स्क्लेरोडर्मा असू शकते. आणि कापात चिमुकल्या छत्रीचा आकार दिसला तर ते अमानिटाचं न उघडलेलं अंडं असण्याची शक्यता आहे. बाहेरून तिन्ही सारख्याच गोट्या.

आणखी एक जोडी आपल्याकडे फसवते. भाताच्या पेंढ्यावर उगवणारी व्हॉल्व्हॅरिएला खाण्याजोगी आहे, तिची लागवडही करतात. पण तिच्याही तळाशी पिशवी असते. फरक बीजाणूंच्या, म्हणजे पापुद्र्यांतून झडणाऱ्या बियांसारख्या बारीक पुडीच्या, रंगात: तिचे गुलाबी, अमानिटाचे पांढरे. कोवळेपणी दोघींचे पापुद्रे पांढरेच असतात.

काकूंचं पातेलं

आता त्या रात्रीकडे येऊ. बीजाणूंचा ठसा घ्यायला काही लागत नाही. मी एका पिकलेल्या छत्रीचा देठ कापला, पापुद्रे खाली करून ती अर्धी पांढऱ्या कागदावर, अर्धी काळ्या फाइलच्या पुठ्ठ्यावर ठेवली, वर पाण्याचा एक थेंब टाकला आणि काचेचा वाडगा उपडा घातला. दोन रंग अशासाठी की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही.

सकाळी छत्री उचलली. काळ्या पुठ्ठ्यावर फिकट धूळ दिसत होती. पांढऱ्या कागदावर, चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेषांत, मळकट हिरवी पूड पडली होती. शेवाळ वाळून भुकटी व्हावी तशी.

हिरवा ठसा देणारी भूछत्रं फार थोडी, आणि गवतातली ही मोठी खवलेदार छत्री, क्लोरोफायलम मोलिब्डायटिस, त्यातली सर्वांत प्रसिद्ध. कोवळेपणी हिचे पापुद्रे पांढरेशुभ्र असतात, म्हणून लोक फसतात. पिकल्यावर ते हिरवट करडे होतात. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. काकूंनी कागद उजेडात धरून दोनदा बघितला आणि पातेलं घासायला टाकलं. पांढरा ठसा आला असता तर? तर "अमानिटा असू शकते" एवढंच कळलं असतं. ठशाने संशय पक्का होतो, खाण्याची परवानगी मिळत नाही.

एकाच पिशवीत सगळं

सापडेल ते एका प्लास्टिक पिशवीत भरलं की दमटपणाने सगळ्याचा लगदा होतो, आणि एका घातक छत्रीचे तुकडे बाकीच्यांत मिसळतात. वेगवेगळी जात वेगळ्या कागदात गुंडाळा. पोरांनी हात लावला म्हणून घाबरू नका. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही, हात धुतले की झालं. खानापूर तालुक्यातल्या भीमगडसारख्या अभयारण्यात मात्र काहीच उचलू नका, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

कुणी खाल्लंच तर

सगळ्यात महाग पडणारी चूक इथं होते. लवकर उलट्या झाल्या की लोक घाबरतात आणि दवाखाना गाठतात, ते बरंच. पण अमाटॉक्सिनचा त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो. रात्री जेवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जुलाब लागले तर तो कालची भाजी विसरून पाण्याला नाहीतर बाहेर खाल्लेल्या भज्यांना दोष देतो. त्यानंतर एखादा दिवस बरं वाटतं. घरचे म्हणतात, उतरलं बघ. आतमध्ये याच वेळी यकृताच्या पेशी मरत असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसू लागते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली भूछत्रं खाऊन काही दिवसांत १३ जण दगावले; त्यांत चहामळ्यांतली कुटुंबं होती, मुलं होती.

म्हणून त्रास उशिरा सुरू झाला असेल तर जास्त घाई करा. १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका, घरगुती काढा देऊ नका. उरलेली भाजी, कचऱ्यातली देठं-सालं, झालेली उलटीसुद्धा सोबत न्या. कधी खाल्लं आणि त्रास कधी सुरू झाला, या दोन वेळा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. ताटाला बसलेल्या सगळ्यांना न्या, ठणठणीत दिसणाऱ्यालाही.

मग आश्विनात करायचं काय?

बघायचं. पावसाळा संपताना रानात जे रंग दिसतात ते श्रावणातही नसतात. ओस पडलेल्या वारुळावर काळ्या काड्यांसारखी बोटं उभी दिसली तर ती झायलेरिया. वाळवी निघून गेल्यावर जुन्या पोळ्यावर ती उगवते. पण शेजारी ताजी ओली माती रचलेलं, वाळवीची वर्दळ असलेलं वारूळ दिसलं तर ती जागा वहीत टिपून ठेवा. पुढच्या आषाढात त्याच गावातल्या एखाद्या आजींना विचारून बघा, सोबत नेतील का. अळंबीची जागा कोण कुणाला सहजी दाखवत नाही, पण जागा आधीच आपल्याला माहीत आहे म्हटल्यावर त्या कदाचित येतीलही.