कोकणात एचआयव्ही सेवांचे जाळे आखताना या चुका टाळा

पहिली चूक नकाशावरच होते: तालुक्याच्या हद्दी पाहून केंद्रे वाटली जातात. दाभोळ दापोली तालुक्यात, समोरचे धोपावे गुहागरात. फेरीबोटीने हे अंतर काही मिनिटांचे, खाडीला वळसा घालून मात्र कित्येक तासांचे. लिंक एआरटी केंद्र, म्हणजे मुख्य उपचार केंद्राला जोडलेले, एचआयव्हीची औषधे देणारे छोटे केंद्र, कुठे हवे हे ठरवताना एसटी आणि फेरीचे वेळापत्रक पुढ्यात घ्या. सकाळच्या गाडीने निघालेला माणूस औषध घेऊन दिवसाउजेडी घरी पोहोचतो का, ते पाहा. जवळचे केंद्र सक्तीचे मात्र करू नका. ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने काही जण मुद्दाम लांब जातात. त्यांचा तो निर्णय मान्य करा.

दुसरी चूक औषधांच्या हिशेबाची. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि परगावचे खलाशी आपापल्या घरी जातात. हे दिवस होतात 61. दोन महिन्यांच्या म्हणून 60 गोळ्या दिल्या, तर बंदी संपण्याआधीच डबी रिकामी होते, प्रवासाचे दिवस वेगळेच. प्रकृती स्थिर असलेल्यांना मेअखेर 90 गोळ्या द्या. केंद्राचा साठाही पावसाआधी भरून ठेवा. घाटात दरड कोसळली की गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो.

सगळ्यात जास्त माणसे हातून निसटतात ती रुग्णाच्या एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात होणाऱ्या बदलीच्या कागदात. चाकरमानी मुंबईहून गावी येतो किंवा गावाहून मुंबईला जातो. एका केंद्राने ‘पाठवला’ अशी नोंद केली, दुसऱ्याकडे तो पोहोचलाच नाही, आणि दोन्ही रजिस्टरे मात्र नियमाने बरोबर! मुंबई शहराची एड्स नियंत्रण संस्था वेगळी, राज्याची वेगळी, त्यामुळे ही फट आणखी रुंदावते. समोरच्या केंद्राने नोंद पक्की केल्याचे कळवेपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्या समुपदेशकाचीच, असे लेखी ठरवा. निघताना किमान महिन्याच्या गोळ्या आणि शेवटच्या व्हायरल लोडच्या (रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी चाचणी) अहवालाची प्रत रुग्णाच्या हाती द्या. गणपतीला आणि शिमग्याला गावी आलेल्याची गोळी संपली, तर बदली न करताही त्याला औषध मिळायला हवे.

व्हायरल लोडची चाचणी उपचाराच्या 6व्या आणि 12व्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत घेतलेल्या रक्तातून 24 तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा. नमुने घेण्याचा वार म्हणूनच प्रयोगशाळेच्या गाडीवरून ठरवा. शनिवारी दुपारी घेतलेला नमुना वाया जातो. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाच्या 6व्या आठवड्यातील एचआयव्ही चाचणीचे रक्तठिपक्यांचे कार्ड जून-जुलैच्या दमट हवेत नीट वाळत नाही. किमान 4 तास आडवे, एकमेकांना न चिकटवता वाळवा, मगच ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करा.

क्षयरोगाचे औषध एका इमारतीत आणि एचआयव्हीचे दुसरीत, तेही वेगवेगळ्या वारी, ही मांडणी धोक्याची आहे. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविरची रक्तातील पातळी घटते. टीएलडी या एचआयव्हीच्या तीन औषधे एकत्र असलेल्या एका गोळीत ते 50 मिलिग्रॅम असते. प्रौढाला 12 तासांनी आणखी 50 मिलिग्रॅम लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे. दोन्ही रजिस्टरे दर महिन्याला शेजारी ठेवून नावागणिक ताडा.

राहिली गुप्तता. 2017चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई करतो. गावात चौकशीला जाताना पाटी लावलेली गाडी नेऊ नका, घरच्या फोनवर केंद्राचे नाव सांगू नका. कोणत्या नंबरावर, किती वाजता फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत रुग्णाला विचारून लिहून घ्या.