पीआयसीयूतल्या मुलांवरच्या संशोधनात आउटकम कसा निवडावा

थीसिसचा विषय ठरला की प्रोटोकॉलमधल्या 'प्रायमरी आउटकम'च्या (अभ्यासात मोजायच्या मुख्य परिणामाच्या) ओळीत सवयीने तीनपैकी एक गोष्ट येते: मृत्यू, व्हेंटिलेटरचे दिवस किंवा पीआयसीयूतला (मुलांच्या अतिदक्षता विभागातला) मुक्काम. तिन्ही गोष्टी केसपेपरवर सापडतात, म्हणून सोप्या वाटतात. पण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयातून लेकरू घरी नेणारी आई वेगळंच विचारते. हे आधीसारखं चालेल का, हाताने खाईल का, शाळेत जाईल का? आउटकम निवडताना आधी हा प्रश्न धरा आणि मोजमाप त्याच्या मागून शोधा.

सुरुवात घरच्यांपासून

प्रोटोकॉल लिहिण्याआधी आठ-दहा कुटुंबांशी बोला. त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. लेकरू व्हेंटिलेटरवर असताना विचारू नका. वॉर्डात हलवल्यावर किंवा फेरतपासणीला आल्यावर विचारा. उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच विचारलं तर 'तुम्ही लई केलं साहेब' एवढंच उत्तर मिळतं, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बसवा. 'जीवनमान कसं आहे' असं विचारू नका. 'घरी गेल्यावर तुमच्या लेकराला काय काय करता आलं पाहिजे?' असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. तांड्यावरच्या आजीशी गोरबोली (बंजारा बोली) येणारा माणूस बोलेल, दखनी बोलणाऱ्या घराशी दखनी येणारा. खर्चही विचारा: गाडीभाडं, बुडालेला रोज, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम). कुटुंबाच्या दृष्टीने हाही आजाराचाच परिणाम आहे आणि दुय्यम आउटकम म्हणून तो मोजता येतो.

मग ही यादी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पीआयसीयूच्या 'कोअर आउटकम सेट'शी (अभ्यासांनी किमान एवढं मोजावं अशा ठरवलेल्या यादीशी) ताडून पाहा. त्यात आकलन, भावनिक स्थिती, शारीरिक कार्य आणि एकूण आरोग्य हे चार व्यापक विभाग आहेत. जगणं, वेदना, संवाद आणि मुलाचं आरोग्यविषयक जीवनमान या चार ठळक गोष्टीही आहेत. एका थीसिसमध्ये हे सगळं बसणार नाही. यातलं काय घेतलं, काय सोडलं आणि का, हे मात्र लिहा.

मृत्यू मोजा, पण हिशेब करून

मृत्यू १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला हे ८० टक्के पॉवरने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के ठेवून) दाखवायचं तर प्रत्येक गटात सुमारे ३,२०० मुलं लागतात. दीड वर्षात सव्वाशे मुलं मिळणाऱ्या अभ्यासात मृत्यू हा प्रायमरी आउटकम ठेवला तर उत्तर 'फरक आढळला नाही' असंच येणार, आणि त्याचा अर्थ 'फरक नाही' असा लावला जाणार.

दुसरी अडचण आपल्याकडची. आशा संपली की नातेवाईक डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन लेकरू घरी नेतात. ते मूल 'रुग्णालयातील मृत्यू'त मोजलंच जात नाही आणि आकडा खोटा चांगला दिसतो. म्हणून डिस्चार्जपर्यंतचा मृत्यू न घेता २८व्या दिवशी मूल जिवंत आहे का, हे फोन करून नक्की करा.

मृत्यूला पर्याय म्हणून रक्तदाब, लॅक्टेट, कॅपिलरी रिफिल अशा शॉकच्या लगेच मोजता येणाऱ्या खुणांकडे वळण्याचा मोह होतो. त्याआधी फीस्ट चाचणी आठवा. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले. सलाइनचा बोलस (थोड्या वेळात भरभर दिलेलं सलाइन) दिलेल्या गटात पहिल्या तासाभरात शॉकची लक्षणं जास्त मुलांत सुधारली होती. तरीही ४८ तासांतले मृत्यू बोलसच्या गटात सुमारे १०.५ टक्के आणि बोलस न दिलेल्या गटात ७.३ टक्के निघाले. आउटकम 'एका तासात सुधारलेला शॉक' असा असता, तर मुलांना इजा करणारा उपचार जिंकला असता.

'व्हेंटिलेटर-मुक्त दिवस' मोजायचे असतील तर आधी नियम लिहा. नवव्या दिवशी ट्यूब निघाली आणि मूल २८व्या दिवशी जिवंत असेल तर २८ उणे ९, म्हणजे १९ दिवस. विसाव्या दिवशी दगावलं तर शून्य. अठ्ठाविसाव्या दिवशीही व्हेंटिलेटरवर असेल तरी शून्यच. दगावलेलं मूल आणि झुंजणारं मूल एकाच आकड्यात बसतं, म्हणून मृत्यू नेहमी वेगळे दाखवा. पुन्हा ट्यूब टाकावी लागली तर मोजणी कुठून, हेही आधीच ठरवा. पीआयसीयूतला मुक्काम तर वॉर्डात खाट आहे का आणि रविवार आहे का यावरही ठरतो. तो घ्यायचाच असेल तर 'वॉर्डात हलवण्यायोग्य' झाल्याची तारीख नोंदवा.

कार्यक्षमता: एफएसएस जवळून

आपल्या परिस्थितीत सर्वांत उपयोगी साधन म्हणजे फंक्शनल स्टेटस स्केल (एफएसएस), असं आमचं मत आहे. शुद्धी, संवेदना, संवाद, हालचाल, खाणं आणि श्वास असे सहा भाग, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ६ ते ३०. कमी गुण म्हणजे चांगली स्थिती. आजाराआधी ६ गुण असलेलं मूल थोडं तोंडाने आणि थोडं नळीने खात असेल तर खाण्याला ३ गुण. एक पाय लुळा असेल तर हालचालीला २. बेरीज ९. बेसलाइनपेक्षा (आजाराआधीच्या गुणांपेक्षा) ३ किंवा जास्त गुण वाढणं म्हणजे 'नवीन व्यंग'. हे मूल बरोबर त्या रेषेवर आहे.

चूक होते ती बेसलाइनमध्ये. दाखल झालेलं मूल बेशुद्ध असतं आणि रेसिडेंट डॉक्टर त्याच अवस्थेचे गुण बेसलाइन म्हणून लिहितो. मग डिस्चार्जला प्रत्येक मूल सुधारलेलंच दिसतं. बेसलाइन आजारापूर्वीची हवी. पहिल्या ४८ तासांत घरच्यांना विचारा: आजारी पडायच्या आधी स्वतःच्या हाताने भाकर खात होतं का? दुकानातून साखर आणायला पाठवलं तर जात होतं का?

जीवनमानासाठी पेड्सक्यूएल ही प्रश्नावली वापरली जाते: २ ते १८ वर्षांसाठी, २३ प्रश्न (२ ते ४ वर्षांच्या आवृत्तीत २१). तिची परवानगी लागते आणि मराठी आवृत्ती हक्कधारकाकडूनच मागवावी. स्वतः केलेलं भाषांतर चालत नाही. वापरण्याआधी पाच-सहा पालकांना प्रत्येक प्रश्नातून काय समजलं ते विचारा. मूळ इंग्रजीत 'एका ब्लॉकपेक्षा जास्त चालणं' असा प्रश्न आहे, आणि तांड्यावर ब्लॉक नसतो. शाळेबद्दलचे प्रश्न मागच्या महिन्याचे असतात, त्यामुळे मे-जूनमध्ये विचारले तर उत्तर निरर्थक येतं. दगावलेल्या मुलांना जीवनमानाचे गुण नसतात. त्यांना वगळलं तर जास्त मृत्यू झालेला गटही चांगला दिसू शकतो. मृत्यूला सर्वांत खालचा क्रम द्यायचा की कसं, हे संख्याशास्त्रज्ञाबरोबर आधीच ठरवा.

वेळ आणि ऊसतोड

ऑगस्टमध्ये डेंग्यूने दाखल झालेल्या मुलाची सहा महिन्यांची भेट फेब्रुवारीत येते. बीड, धाराशिवमधली बरीच कुटुंबं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोयत्यावर असतात. 'फॉलोअपला आले नाहीत' असं लिहून ती सोडली तर सर्वांत गरीब मुलंच अभ्यासातून गळतात. प्रायमरी आउटकम फोनवर मोजता येईल असाच निवडा, आणि मग सगळ्यांना फोनवरच विचारा. काहींना फोनवर, काहींना समोर असं करू नका. दाखल होतानाच तीन नंबर घ्या: आई-बापाचा, गावी राहिलेल्या आजी-आजोबांचा आणि शेजाऱ्याचा. मुकादमाचा नंबर कुटुंबाने आपणहून दिला तरच घ्या आणि त्याला आजाराबद्दल एक शब्दही सांगू नका. फोन करणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं ते माहीत नसावं.

गळतीचा हिशेब नेहमी चुकतो. शेवटी १०० मुलं हवीत आणि २० टक्के गळती धरली तर १२० नाही, १२५ मुलं घ्यावी लागतात.

ओळ पक्की करणं

प्रायमरी आउटकम एकच, दुय्यम चार-पाच. वीस स्वतंत्र आउटकम तपासले तर उपचाराचा काहीही परिणाम नसताना एखादा तरी 'सिग्निफिकंट' (खरा फरक वाटेल असा) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. ओळ अशी लिहा: 'दाखल झाल्यापासून ९०व्या दिवशी (अधिक-उणे ७ दिवस) दगावलेल्या, किंवा एफएसएस बेसलाइनपेक्षा ३ वा जास्त गुणांनी वाढलेल्या मुलांचं प्रमाण'. काय मोजलं, कशाने, कोणती सीमा, कसं मांडलं, कधी, हे सगळं त्यात आलं. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिलं मूल घेण्याआधी हीच ओळ सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीवर) नोंदवा. मुलं सात वर्षांवरची असतील आणि बोलण्याच्या स्थितीत आली असतील तर पालकांच्या संमतीबरोबर त्यांचीही मान्यता घ्या. ती सात ते बारा वयात तोंडी आणि त्यापुढे लेखी असते.

फोनवर एखादी आई 'पाणी पिताना ठसका लागतो, खाली बसलं की उठता येत नाही' असं सांगेल. फॉर्मवर गुण लिहून फोन ठेवायचा नाही. त्या मुलाला परत बोलवायचं, किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. कुणाचं नाव सांगून, कोणत्या दिवशी पाठवायचं ते प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा.