आपला विद्यार्थी आत गेला, तर बाईंनी-सरांनी काय करायचं

शाळा सोडून चार-पाच वर्षं झालेल्या पोराला एक दिवस पोलीस घेऊन जातात, गावात आठवडाभर तीच चर्चा, आणि स्टाफरूममध्ये लगेच कोणीतरी म्हणतं, "मला तर तो सातवीतच कळला होता." हे वाक्य आपण बोलायचं नाही आणि दुसरं कोणी बोललं तर गप्प बसायचं नाही. माझा एक विद्यार्थी रत्नागिरीच्या जेलमध्ये होता, खाडीपलीकडचा, वडील बोटीवर खलाशी. त्याच्यामुळे जे शिकले ते लिहितेय.

आधी त्याच्या घरी जा. आईला विचारा कुठे ठेवलंय, केस कुठल्या कोर्टात आहे, वकील दिलाय का. नसेल दिला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, १५१०० वर फोन करून विचारता येतं, आणि कोठडीत असलेल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते हे बऱ्याच घरांना माहितीच नसतं. गुन्हा केला का हे मात्र विचारू नका, ना आईला ना त्याला. पोरगा १८ च्या आतला असेल तर तो जेलमध्ये नाही, निरीक्षणगृहात असतो, आणि त्याचं नाव बाहेर फोडणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नको.

मग पत्र. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच, आणि सगळ्यात स्वस्त. पत्त्यात त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि माहीत असेल तर कैदी नंबर घाला. पत्र वाचूनच आत देतात म्हणून केसबद्दल काही लिहायचं नाही. मी पहिल्यांदा अर्धं पान उपदेश लिहिला आणि फाडला. मग लिहिलं की शाळेमागच्या रायवळ आंब्याची फांदी वादळात मोडली, तू जिच्यावर बसून डबा खायचास तीच. दीड महिन्याने उत्तर आलं, चार ओळी फक्त, आणि खाली पेपरवर लिहायचा तसं पूर्ण नाव, इयत्ता, हजेरी नंबर १९. आत त्याला वेगळा नंबर होता पण मला त्याने शाळेतलाच लिहिला. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे. तुम्ही महिन्याला एक म्हणालात तर महिन्याला एक पाठवाच, जमणार नसेल तर दोन महिन्यांनी म्हणा पण चुकवू नका, तिथे वाट बघण्याशिवाय दुसरं काही नसतं.

मुलाकातीला जायचं असेल तर आधी जेलमध्ये फोन करून विचारा की नातेवाईक नसलेल्याला भेट मिळते का आणि कुठल्या वारी, आधार कार्ड बरोबर ठेवा. पहाटेची एसटी पकडून गेलात आणि परत पाठवलं असं नको. कच्चा कैदी, म्हणजे केसचा निकाल लागायचा असलेला, असेपर्यंत जवळ असतो, मोठी शिक्षा लागली की बऱ्याचदा कोल्हापूरला कळंब्याला नाहीतर येरवड्याला हलवतात, मग पत्रच उरतं.

दहावी-बारावी राहिली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूची केंद्रं काही तुरुंगांत आहेत. फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि तो आपल्याच ऑफिसात पडलेला असतो, क्लार्कच्या मागे लागून स्वतः काढून आईच्या हातात द्या.

आणि त्याची पोरं किंवा भावंडं तुमच्या वर्गात असतील तर प्रगतीपुस्तकावर "वडिलांची सही आण" असं सगळ्यांसमोर कधीच म्हणू नका, आईची चालते, आजीची चालते. सरकारच्या बालसंगोपन योजनेत वडील आत असलेल्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास ऑफिसात अर्ज करायचा, कागद जमवायला घरच्यांना मदत करा.

सुटून आला की पहिल्याच आठवड्यात शाळेत बोलवा, सुट्टीच्या दिवशी लपूनछपून नाही, शाळा भरलेली असताना. आणि काहीतरी काम द्या, नुसतं समोर बसवून चौकशी करू नका. माझा आला तेव्हा गॅदरिंग तोंडावर होतं, मी त्याला नववीची बाकं पटांगणात लावायला सांगितलं, आणि तो "बाई, कुठल्या बाजूने?" म्हणत कामाला लागला.